मानेवरचा मळ

तीस वर्षे महसूल खात्यात दुसऱ्यांच्या कैफियती नोंदविण्यात घालविलेल्या माणसाकडे त्याची स्वतःची कबुली सहसा कोणी मागत नाही. म्हणून ती मी आपण होऊनच देतो. धाकटा मुलगा अकरा वर्षांचा असताना त्याच्या मानेच्या मागे काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा उमटला, आणि तो मळच आहे अशा खात्रीने आम्ही उभयतांनी प्रथम डाळीच्या पिठाने, मग लिंबाच्या फोडीने आणि अखेरीस चक्क वज्रीने, मूल कळवळत असता, तो वर्षभर घासला.

शाळेच्या तपासणीपत्रकावर ‘वजन अधिक, वैद्यकीय सल्ला घ्यावा’ असा स्पष्ट शेरा होता. परंतु मुदतीत जबाब न देणाऱ्या खातेदारांस खरमरीत नोटिसा धाडणारा मी, ते पत्रक मात्र फडताळात सारून मोकळा झालो. आमच्या लेखी ते वजन नव्हते, बाळसे होते. जन्मतः जेमतेम अडीच किलोचा, म्हणून तर त्याला भरवीत आलेलो. आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढी, आणि ‘उंची वाढली की उतरेल’ हा निकाल सर्वानुमते कायम होता.

पुढे खोकल्यासाठी दवाखान्यात गेलो असता डॉक्टरांनी त्याची कॉलर खाली करून एवढेच विचारले, “किती दिवस घासताय?” शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की रक्तातील इन्शुलिन वाढते आणि त्वचा अशी दाट, काळी होते, हे तेव्हा कळले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासात आपली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने पुष्कळ हलकी, परंतु त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली, हे वाचले तेव्हा आमच्या भरविण्याचा हिशेब मुळातच चुकल्याचे उमगले.

म्हणून इतर आईबापांना सांगतो, अशा मुलाला उपाशी ठेवू नका. वाढत्या वयात वजन आहे तेथे रोखून उंची वाढू देणे पुष्कळदा पुरते. बिस्किटे आणि गोड सरबते बंद करायची तर साऱ्या घराची करा, एकट्या मुलाची नव्हे. रोज तासभर त्याला धावूखेळू द्या, आणि चारचौघांत ‘जाड्या’ म्हणू नका. मान काळवंडलेली दिसली तर घासण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवा.

आमचा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. पट्टा बराच फिका झाला; पण न्हाव्याने मानेला हात लावला की तो अजून अंग चोरतो.