रोलरच्या मागे

मुलांनो, शाळेत येताना तुम्ही रस्त्याचे काम पाहिले असेल. डांबराचा धूर निघतो, रोलर संथपणे पुढे-मागे फिरतो आणि आपण गंमत पाहत उभे राहतो. 'मजूर' आणि 'मुकादम' हे शब्द तर तुम्हांला ओळखीचेच आहेत. ते फारसी-अरबीतून मराठीत आले. पण त्या मजुरांच्या कामात किती धोका असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

रोलरचे वजन आठ-दहा टन असते. पसरलेले डांबर-खडीचे मिश्रण सुमारे १५० अंश सेल्सिअस इतके तापलेले असते. ते थंड होण्याआधी दाबावे लागते, म्हणून सगळी घाई. कोणी फावड्याने कडा सारख्या करतो, कोणी झाडू मारतो. माणसे यंत्राच्या अगदी जवळ असतात. चालक उंचावर बसलेला असला, तरी यंत्राच्या लगतची, विशेषतः मागची जागा त्याला नीट दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात हाकही ऐकू जात नाही. म्हणूनच यंत्र मागे येताना भोंगा वाजावा लागतो.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवण्याचे अवजड यंत्र कोसळले. वीस जणांचा जीव गेला. ती बातमी देशभर पोहोचली. एकट्या मजुराचा पाय गेला, तर मात्र कोणाला कळतही नाही.

आमच्या मोहल्ल्यातील एक चाचा २०१६ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर खडी पसरत होते. खडीचा डंपर मागे आला. त्याचा भोंगा आठ दिवस बंद होता आणि इशारा द्यायला मागे कोणी उभे नव्हते. चाचांचा उजवा पाय चाकाखाली सापडला व घोट्यापासून कापावा लागला. मुकादम म्हणाला, "मजुराचाच निष्काळजीपणा!" चाचा मला म्हणाले, "बेटा, मी खाली वाकून खडी ओढत होतो. काम करू की मागे बघू?"

कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात १९२३ सालीच झाला. पण चाचांचे नाव हजेरीपटावर नव्हते! ते तेथे कामाला होते, एवढे सिद्ध करण्यात दोन वर्षे गेली. बरोबरच्या चार मजुरांनी साक्ष दिली, तेव्हा कुठे पैसे हाती आले.

आता चाचा नाक्यावर सायकली दुरुस्त करतात. एखादी गाडी मागे येऊ लागली आणि भोंगा वाजला, की हातातले काम थांबवून वर पाहतात.

स्वाध्याय : (१) डंपर मागे येत असल्याचे चाचांना का कळले नाही? (२) मुकादमाचे म्हणणे तुम्हांला पटते का? कारण सांगा.