आजारपणाचे सोंग आणि खरा आजारी



एखाद्या बड्या असामीला भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अटक झाली की दोन दिवसांत ती रुग्णालयात दाखल झाल्याची बातमी येते. कधी छातीत कळ आलेली असते, कधी रक्तदाब वाढलेला असतो. लोक बातमी वाचतात, एकमेकांकडे पाहून हसतात आणि पान उलटतात. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून या रविवारी आम्ही एक प्रश्न अभ्यासासाठी घेत आहोत: खोट्या आजारपणाने नेमके कोणाचे नुकसान होते?

उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे घेऊ. तेथे एकाच कायद्याखाली तीन मोठ्या माणसांना आजारपणामुळे तुरुंगातून सोडण्यात आले आणि तिन्ही प्रकरणांची जाहीर चर्चा झाली.

त्या देशात 'वैद्यकीय पॅरोल' आहे. पूर्वीचा नियम असा होता की ज्या कैद्याचा आजार बरा होणारा नाही आणि अखेरच्या टप्प्यात आहे, त्याला सोडावे, म्हणजे त्याला सन्मानाने मरण येईल. हा नियम दयेतून आला होता.

पहिले प्रकरण शाबीर शेख यांचे. हे दरबानचे उद्योगपती आणि जेकब झुमा यांचे आर्थिक सल्लागार. भ्रष्टाचार व फसवणुकीबद्दल २००५ साली त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. २००६ च्या अखेरीस ते तुरुंगात गेले आणि मार्च २००९ मध्ये वैद्यकीय पॅरोलवर सुटले. म्हणजे शिक्षा भोगली सव्वादोन वर्षांच्या आसपास, आणि त्यातीलही बराचसा काळ रुग्णालयात. नियम होता मरणासन्न कैद्यासाठी, पण सुटकेनंतर दहा वर्षे झाली तरी शेख हयात होते. ते गोल्फच्या मैदानावर दिसल्याच्या बातम्याही आल्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता की नव्हता याचा निवाडा आम्ही करत नाही. पण लोकांचा या नियमावरचा विश्वास उडाला तो तेव्हापासून.

पुढे कायदा बदलला. नवे नियम २०१२ साली लागू झाले. गंभीर अपंगत्व आलेल्या कैद्यालाही सवलत मिळू लागली, आणि अर्ज तपासण्यासाठी डॉक्टरांचे सल्लागार मंडळ नेमले गेले.

दुसरे प्रकरण त्याच वर्षीचे. जॅकी सेलेबी हे त्या देशाचे पोलीसप्रमुख आणि इंटरपोलचे माजी अध्यक्ष. भ्रष्टाचाराबद्दल २०१० साली त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली होती. डिसेंबर २०११ मध्ये अपील फेटाळले गेले, तेव्हा निकाल ऐकताच ते घरी कोसळले. जुलै २०१२ मध्ये त्यांना वैद्यकीय पॅरोल मिळाला. 'हाही दुसरा शेख' अशी शंका लोकांनी घेतली. पण सेलेबींची मूत्रपिंडे खरोखरच निकामी झाली होती. जानेवारी २०१५ मध्ये ते वारले.

तिसरे प्रकरण खुद्द झुमा यांचे. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळातील भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे येण्यास त्यांनी नकार दिला. न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा सुरू झाली. सप्टेंबरमध्ये तुरुंग विभागाच्या प्रमुखांनी त्यांना वैद्यकीय पॅरोलवर सोडले. वैद्यकीय मंडळाने मात्र तशी शिफारस केली नव्हती. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ही सुटका बेकायदा ठरवली आणि २०२२ साली अपील न्यायालयानेही तेच सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये झुमा तुरुंगात हजर झाले आणि शिक्षामाफीच्या एका योजनेखाली तासा-दोन तासांतच बाहेर आले.

यातून काय शिकायचे?

तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे की कायदा सर्वांसाठी सरसकट लिहिलेला असतो. म्हणून एखाद्याच्या विशेष परिस्थितीत न्यायाधीशाला कायद्याच्या शब्दांपलीकडे पाहावे लागते. आजारी कैद्याला मिळणारी सवलत ही अशीच गोष्ट. दया ही न्यायाच्या विरोधात नसते, ती न्याय पुरा करते. पण ती चालते विश्वासावर. जो आजारपणाचे सोंग घेतो, तो हा विश्वास चोरतो. त्याची किंमत तो स्वतः देत नाही. ती देतो त्याच्यामागून येणारा खरा आजारी, ज्याच्याकडे सगळे संशयाने पाहतात.

पवित्र शास्त्रातही असे सोंग आहे. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आजारी असल्याचे ढोंग करून अंथरुणावर पडला. बहीण तामार त्याची शुश्रूषा करायला आली आणि त्याने तिच्यावर अत्याचार केला. तिच्या करुणेचाच त्याने सापळा केला. राजा संतापला, पण मुलाला शिक्षा केली नाही. पुढे त्या घराण्यात रक्तपात झाला.

आपल्या देशातही आजारी आणि अशक्त आरोपीला जामीन देता येईल अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. येथे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांची आठवण होते. ऑक्टोबर २०२० मध्ये ८३ व्या वर्षी त्यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. कंपवातामुळे हातात पेला धरता येईना, म्हणून तळोजा तुरुंगातून त्यांना पाणी पिण्याची नळी आणि सिपर मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले. खटला सुरूच झाला नव्हता. सोंग करणाऱ्यांमुळे त्यांना जामीन मिळाला नाही असे आम्ही म्हणत नाही. पण एकाला न्यायालयाच्या मते बेकायदा सवलत मिळते आणि दुसऱ्याला थरथरत्या हातांसाठी नळी मागावी लागते, हे चित्र ख्रिस्ती माणसाला स्वस्थ बसू देणार नाही.

मग आपण काय करावे? प्रत्येक आजारी आरोपीला ढोंगी म्हणणे हा उपाय नव्हे, सेलेबींचे उदाहरण समोर आहे. तपासणी स्वतंत्र डॉक्टरांच्या मंडळाने करावी, तिचा निर्णय पदाधिकाऱ्याने मोडू नये आणि तुरुंगातील गरीब कैद्यालाही तेच डॉक्टर मिळावेत, एवढी मागणी आपण नागरिक म्हणून करू शकतो. आणि सुरुवात घरापासून करावी. रजेसाठी आणलेला खोटा दाखला लहान वाटतो, पण तो मागणारा आणि लिहून देणारा दोघेही त्याच विश्वासाला भोक पाडतात.

वाडीतील प्रार्थनासभेत चर्चेसाठी:
१. खोटा वैद्यकीय दाखला आपल्याकडे सहज का मिळतो? तो नाकारणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी आपण उभे राहतो का?
२. आजारी माणसावर संशय घेतल्याने त्याला मदत मिळायला उशीर झाला, असे आपल्या वाडीत कधी घडले आहे का?
३. तुरुंगातील आजारी कैद्यांसाठी आपला धर्मग्राम काय करू शकेल?