दोन औषधे आणि हृदयाची लय

अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या रुग्णांत नैराश्य पुष्कळदा आढळते. मग व्यसनमुक्तीचे औषध एका डॉक्टरांचे व नैराश्याचे दुसऱ्यांचे, असे घडते. दोन्ही उपचार आवश्यक आहेत, हे आम्ही आरंभीच नमूद करतो. तथापि काही जोड्या हृदयास जड जातात.

विद्युत्प्रवाह हृदयाच्या खालच्या कप्प्यांत शिरल्यापासून ते कप्पे पुढील ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होईपर्यंतचा काळ ईसीजीच्या आलेखात 'क्यूटी' अंतर म्हणून मोजतात. मेथाडोन हे अंतर लांबवते. सिटॅलोप्रॅम व एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरील औषधेही लांबवतात. हृदयगतीनुसार दुरुस्त केलेले अंतर ५०० मिलिसेकंदांपलीकडे गेले, की 'टोर्साद द प्वांत' या घातक अनियमिततेचा धोका लक्षणीय वाढतो. रुग्णास घेरी येते, शुद्ध हरपते. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. फ्लुव्हॉक्सामीनची तऱ्हा निराळी : ते मेथाडोनचे यकृतातील विघटन मंदावते व रक्तातील प्रमाण वाढवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये मेथाडोनबाबत इशारा दिला. २०११ मध्ये सिटॅलोप्रॅमची कमाल मात्रा दिवसाला ४० मिलिग्रॅम ठरविली. साठीपुढील रुग्णांसाठी ती २० मिलिग्रॅम आहे.

आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवावयाची गोळी अधिक रुळलेली आहे. तिचा या अंतरावरील परिणाम मेथाडोनच्या मानाने बराच कमी, हा दिलासा. पण उलट्या-जुलाबांनी शरीरातील पोटॅशियम घटले, तर धोका बळावतो; आणि त्याच उलट्यांवर सर्रास दिले जाणारे ऑन्डान्सेट्रॉनही क्यूटी लांबवणारेच!

आमच्या मते खरी अडचण औषधशास्त्राची नाही, संकोचाची आहे. नातेवाईक मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे टेबलावर मांडतात; व्यसनमुक्तीची चिठ्ठी मात्र घरीच राहते. ती दडविल्यास डॉक्टर अजाणता नेमके तेच दुसरे औषध लिहून देऊ शकतात. चारचौघांत सांगणे अवघड वाटल्यास एकांतात सांगावे. मग मात्रा बदलता येते, सर्ट्रालीनसारखा तुलनेने सौम्य पर्याय निवडता येतो. नवे औषध सुरू करण्यापूर्वी व मात्रा वाढविल्यावर ईसीजी काढावा. त्यास काही मिनिटेच लागतात.

हे वाचून कोणीही गोळ्या परस्पर बंद करू नयेत. व्यसनमुक्तीचा उपचार एकाएकी तुटला, तर रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे व अतिमात्रेने दगावण्याचे भय मोठे असते. मात्र छातीत धडधड होऊन भोवळ आली, वा घरात कोणाचा अल्पवयात अकस्मात मृत्यू झालेला असेल, तर पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णास त्याच दिवशी घेऊन यावे.