साखळी कोणाच्या हातात?

(द्वितीय वर्ष, कला)

कुत्रा हा इमानी प्राणी आहे, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. परंतु हा इमानी प्राणी चार लोकांत एखाद्याला चावला, तर दोष कोणाचा? कुत्र्याचा, मालकाचा, की त्या क्षणी ज्याच्या हातात साखळी होती त्याचा? गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न माझ्यावरच येऊन आदळला. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. खोलीचे भाडे निघावे म्हणून मी एका गृहस्थांचा अल्सेशियन सकाळ-संध्याकाळ फिरवीत असे. त्यांनी तो श्वान प्रदर्शनात उतरवला आणि रिंगणात चालवण्याचे काम मला दिले. रिंगणाच्या तोंडाशी पुष्कळ गर्दी होती. आमच्या कुत्र्याचे अंग ताठ झाले, मानेवरचे केस उभे राहिले. मी घाबरून साखळी गच्च आवळली. तेवढ्यात त्याने पुढच्या कुत्र्यावर झेप घेतली, आणि सोडवायला मध्ये पडलेल्या दुसऱ्या मुलाच्या मनगटाला त्याचे दात लागले. मालक खुर्चीवरून उठले व सर्वांदेखत म्हणाले, "या पोरानं साखळी सैल सोडली!"

चोर सोडून संन्याशाला सुळी, असे मला त्या वेळी वाटले. साखळी सैल नव्हती. पण आज मला कळते की, मी संन्यासीही नव्हतो.

श्वान प्रदर्शनाची प्रथा इंग्लंडमधील. जून १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे भरलेले प्रदर्शन हे आधुनिक पद्धतीचे पहिले मानतात. त्यात पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचेच कुत्रे होते, व बक्षीस म्हणून बंदुका दिल्या गेल्या. पुढे १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, आणि १८९१ मध्ये 'क्रफ्ट्स' हे प्रसिद्ध प्रदर्शन सुरू झाले. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था चेन्नईहून हे काम पाहते. विलायती जातींबरोबर मुधोळ, कारवान अशा आपल्या मातीतल्या जातीही आता रिंगणात दिसतात.

प्रदर्शन म्हणजे कुत्र्यांची नुसती मिरवणूक नव्हे. परीक्षक कुत्र्याचे ओठ वर करून दात पाहतो, पाठीवरून, छातीवरून, पायांवरून हात फिरवतो. मग कुत्र्याला पळवून त्याची चाल पाहतो. आता कुत्र्याच्या बाजूने विचार करावा. पहाटे गाडीत बसवून आणलेले, अनोळखी जागा, ध्वनिक्षेपकाचा गोंगाट, मागेपुढे परके कुत्रे, आणि त्यात एक परका माणूस थेट तोंडाला हात लावतो. कारवानसारख्या कुत्र्याला तर परक्याने अंगाला हात लावलेला मुळातच आवडत नाही. अशा वेळी जे कुत्रे शांत उभे राहते ते मोठे शहाणे म्हणावे लागेल. आणि ते शहाणपण जन्मतः येत नाही, महिनोन् महिने सवय करून आणावे लागते.

'भुंकणारे कुत्रे चावत नाही' ही म्हण खरी मानून चालण्यात धोका आहे. चावण्यापूर्वी कुत्रे बहुधा इशारा देते. ते एकदम ताठ होते, समोरच्याकडे टक लावून पाहते, शेपूट उंच करून आखडते. काही कुत्री उलट भीतीने अंग चोरतात, तोंड फिरवतात, पुन्हा पुन्हा ओठ चाटतात, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतात. गुरगुरणे हाही इशाराच. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारले, तर ते गुरगुरणे सोडते, चावणे सोडत नाही. मग पुढच्या वेळी ते इशारा न देताच चावण्याची भीती असते.

साखळी धरणाऱ्याचे कर्तव्य येथे सुरू होते. त्याने पुढच्या कुत्र्यापासून अंतर राखावे, प्रवेशाच्या तोंडाशी गर्दीत उभे राहू नये, आपल्या कुत्र्याला दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवू देऊ नये. इशारा दिसताच कुत्र्याचे तोंड वळवून दूर न्यावे. साखळी गच्च आवळली की आपली भीती कुत्र्यापर्यंत पोहोचते, आणि पळायलाही वाट नाही असे त्याला वाटते. माझी चूक नेमकी हीच झाली. प्रसंगी परीक्षकाला स्पष्ट सांगून रिंगणाबाहेर पडावे. बक्षीस जाईल, पण कोणाचा हात वाचेल.

परंतु साखळी धरणाऱ्याच्या हाती कुत्रा येतो तो रिंगणापुरता. त्याला लहानपणी माणसांची सवय लावली की नाही, बांधून ठेवले की फिरवले, तो पूर्वी कोणाच्या अंगावर गेला होता का, हे सारे मालकालाच ठाऊक असते. आमच्या मालकांचा कुत्रा दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या माळीकाकांच्या पोटरीला लागला होता. ही गोष्ट मला प्रदर्शनानंतर माळीकाकांकडून कळली.

कायदा काय म्हणतो? १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आले आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असता, जो जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे 'मालकीचा' हा शब्द नसून 'ताब्यातील' हा शब्द आहे, हे ध्यानात घ्यावे. ब्रिटनचा १९९१ चा धोकादायक कुत्र्यांविषयीचा कायदा अधिक उघड बोलतो. कुत्रा अनावर झाला तर मालक दोषी, आणि त्या वेळी तो दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन असेल तर तोही दोषी. मालकाला सुटायचे असेल, तर आपण कुत्रा योग्य माणसाच्या हाती दिला होता असे मानण्यास सबळ कारण होते, हे त्याला दाखवावे लागते. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमानुसार रिंगणात माणसावर हल्ला करणारा कुत्रा बाद होतो, आणि त्याला परत घेण्यासाठी अर्ज करावा लागतो तो मालकालाच.

यावरून माझे मत असे झाले आहे की, साखळी दुसऱ्याच्या हातात दिल्याने जबाबदारी निम्मी होत नाही, दुप्पट होते. देणाऱ्याने जे ठाऊक आहे ते सांगितले पाहिजे, घेणाऱ्याने ते विचारले पाहिजे. आणि येथे मला स्वतःकडे बोट दाखवावे लागते. रोज फिरवताना तो इतर कुत्र्यांवर गुरगुरतो हे मी पाहिले होते. काम जाईल या भीतीने मी मालकांना कधी सांगितले नाही. दोघांनी तोंड मिटले, आणि त्याची किंमत तिसऱ्याच मुलाने मोजली.

त्या दिवशी त्याच्या जखमेवर लावायला कोणी हळद शोधत होते. ही मोठी चूक होय. चावा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. कुत्र्याला लस टोचलेली आहे म्हणून स्वस्थ बसू नये. निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

माझे वडील गावी मेंढ्या राखतात. त्यांनी शाळा पाहिली नाही. वाड्याकडे कोणी अनोळखी येताना दिसला, की ते आधी कुत्र्याला हाक मारून जवळ घेतात आणि मगच पाहुण्याला 'या' म्हणतात. घडलेला प्रकार सांगितल्यावर ते म्हणाले, "कुत्रं मुकं जनावर हाय. त्याच्या वतीनं माणसानं बोलायचं असतं." एवढा अभ्यास करून मी ज्या ठिकाणी पोहोचलो, तेथे ते आधीच उभे होते.

त्या मुलाच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. त्याने लसीचे सारे डोस पूर्ण केले आहेत. माझे ते काम अर्थातच गेले. आता दुसऱ्या एका घरी कुत्रा फिरवतो. पहिल्या दिवशी साखळी हातात घेण्यापूर्वी मी विचारले, "हा आजवर कोणाला चावला आहे का?" बाईंना प्रश्न आवडला नसावा. पण थोडे थांबून त्यांनी खरे उत्तर दिले, आणि मगच मी साखळी घेतली.