आवाजावर भाळून कॅम निवडू नका

मी घेतला तो सिल्व्हराडो २००४चा, इंजिन ५.३ लिटरचं व्ही-८. आधीच्या मालकाने त्यात मोठा कॅमशाफ्ट बसवला होता. आवाज असा, की ह्यूस्टनच्या सिग्नलला शेजारचे लोक काच खाली करून बघत. मला मात्र ट्रेलर ओढायचा होता: गणपतीत ढोल-ताशे, मखर, मांडवाचं सामान. तिथेच ट्रक नडला. एसी लावून उभं राहिलं की इंजिन आचके देई. पार्किंगमधून हळू काढताना धक्के बसत. ट्रेलर जोडून फ्लायओव्हर चढताना ३००० आरपीएमच्या खाली जीवच नसे. वर पेट्रोलचा वास.

कागदपत्रांत त्या कॅमचं कार्ड सापडलं आणि कोडं सुटलं. कॅम घेण्याआधी हे कार्ड वाचता यायलाच हवं. लिफ्टर ०.०५० इंच उचलला गेल्यापासून तितकाच खाली येईपर्यंत क्रँक जितके अंश फिरतो, तो कॅमचा कालावधी. कंपनीच्या मूळ कॅमचा तो १९०च्या आसपास असतो. माझ्या कार्डावर इनटेकला २३० आणि एक्झॉस्टला २३६ होता, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत) १११. आता २३० आणि २३६ची सरासरी काढा, २३३. त्यातून १११ची दुप्पट वजा करा. उरले ११ अंश. तेवढा काळ इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे; हाच ओव्हरलॅप. मूळ कॅमचं लोब सेपरेशन ११४, म्हणजे हेच उत्तर उणे ३७च्याही खाली जातं.

वरच्या आरपीएमला ओव्हरलॅप सिलिंडर चांगला भरून देतो. आयडलला मात्र जळका धूर ताज्या मिश्रणात मिसळतो आणि थोडी न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये निसटते. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर आणखी सोडतो. वास त्याचाच. आणि ज्या घरघरीवर सगळे जीव टाकतात, ती या अर्धवट जळण्याचीच.

तेव्हा कॅटलॉगमधला हॉर्सपॉवरचा आकडा बाजूला ठेवा आणि आपला ट्रक दिवसभर किती आरपीएमवर चालतो ते आठवडाभर बघा. माझा हायवेवर २०००च्या आसपास असतो. तिथे ताकद न देणारा कॅम मला फुकट दिला तरी नको. मोठ्या कॅमला जास्त स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर लागतो, आणि ओझं ओढताना तो ट्रान्समिशन ऑइल तापवतो. शर्यतीच्या ट्रकला ते परवडेल. मी २१०/२१८चा, ११२ लोब सेपरेशनचा कॅम घातला. आयडल सुधारलं, चढणीवर ट्रक ओढू लागला.

कॅमच्या किमतीवर बजेट बांधलंत तर फसाल. उचल वाढली की मूळ व्हॉल्व्ह-स्प्रिंग पुरत नाहीत, पुशरॉडची लांबी मोजून घ्यावी लागते, टायमिंग चेन त्याच वेळी बदललेली बरी. क्रँकपुलीचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो; जुनाच परत आवळणाऱ्या गॅरेजमधून ट्रक बाहेर काढा. या इंजिनात लिफ्टर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बसतात. कॅम फिरवून ते वर ढकलले की ट्रे त्यांना धरून ठेवतो, मग कॅम बाहेर येतो. पण जुना ट्रे सैल झाला असेल तर लिफ्टर खाली पडतो, आणि दिवसभराचं काम सिलिंडर हेड उतरवण्यापर्यंत जातं. म्हणून ट्रेमागे आधाराला सळ्या सरकवतात. मेकॅनिकला त्याबद्दल आधीच विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरं गॅरेज बघा.

राहिलं ट्यूनिंग. नव्या कॅमचं आयडल, इंधन, स्पार्क कॉम्प्युटरमध्ये बसवावंच लागतं. काही ट्यूनर इंजिन-लाइट लागू नये म्हणून एमिशनचे मॉनिटरच बंद करून देतात. आमच्या हॅरिस काउंटीत एमिशन चाचणी होते, आणि २००१नंतरच्या गाडीत एकाहून जास्त मॉनिटर तयार नसतील तर ती नापास. कॅलिफोर्नियात तर कॅमला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. ऑर्डर देण्याआधी तो बघून घ्या.