स्क्रायबसचा पायथन वेगळा, संगणकाचा वेगळा

हापूसच्या पेटीवर क्यूआर कोड हवा, अशी मागणी आता पावस-गोळपकडचे लहान बागायतदारही करतात. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचा आंबा ‘रत्नागिरी’ म्हणून खपवला जातो, त्यात आपला माल वेगळा ओळखू यावा ही त्यांची तळमळ मला अगदी रास्त वाटते. पण दर लेबलावर निराळा लॉट क्रमांक आणि निराळा कोड हाताने टाकणं कुणाला जमणार? म्हणून हे काम मी पानं मांडण्याच्या स्क्रायबस या सॉफ्टवेअरमध्ये पायथनच्या स्क्रिप्टने करतो.

स्क्रायबसच्या जुन्या १.४ मध्ये युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं सुटी पडायची. मराठी मजकूर चित्र करून चिकटवावा लागे. १.६ घेतल्यावर अक्षरं सुरेख उमटली, स्क्रिप्ट मात्र अडली. जुना स्क्रायबस पायथन २ वर चालायचा, १.५.६ पासून तो पायथन ३ वर गेला. प्रिंटपुढे कंस घालण्यासारख्या दुरुस्त्या लवकर आटपल्या. खरा घोळ पुढे झाला.

स्क्रायबस म्हणे, ‘क्यूआरकोड’ नावाचं मॉड्यूलच नाही. संगणक दुरुस्तीला आलेल्या मुलाने नवा पायथन टाकला, पिप या साधनाने मॉड्यूल बसवलं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ते बिनतक्रार चाललं, स्क्रायबसमध्ये पुन्हा तीच तक्रार. मग त्याने आणखी एक पायथन टाकला. पण विंडोजवर स्क्रायबस आपला पायथन सोबत घेऊन येतो आणि तोच वापरतो. बाहेर कितीही पायथन बसवले तरी त्यांच्या मॉड्यूलांची फोल्डरं त्याला दिसत नाहीत. ती फोल्डरं उचलून आत टाकली, तेव्हा चित्रं बनवणारी पिलो लायब्ररी ‘_इमेजिंग’ आयात होत नाही म्हणून थांबली. पिलोचा गाभा सी भाषेत लिहून, कंपाइल करून दिलेला असतो. पायथन ३.१२ साठी घडवलेली ती फाइल पायथन ३.११ उघडत नाही. ३२ आणि ६४ बिटचंही तसंच.

म्हणून काहीही बसवण्याआधी स्क्रायबसलाच विचारा. सिस मॉड्यूल आयात करायचं आणि स्क्रायबसच्या मेसेजबॉक्समध्ये सिस.व्हर्जन व सिस.पाथ दाखवायचे, एवढीच स्क्रिप्ट पुरते. आवृत्ती कोणती, बिट किती, मॉड्यूलं कुठून शोधली जातात, सगळं समोर येतं. बाहेर नुसतं ‘पिप’ लिहू नका. ते कोणत्या पायथनचं आहे याचा भरवसा नसतो. विंडोजवर ‘पाय’ हा लाँचर आवृत्तीसकट बोलवा, त्याच्यापुढे ‘-एम पिप’ द्या. तोच लाँचर ‘-०’ दिलं की बसवलेल्या पायथनांची यादीही दाखवतो. ‘एनकोडिंग्ज’ सापडत नाही म्हणून पायथन सुरूच झाला नाही, तर पायथनहोम आणि पायथनपाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तपासा. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने ते मागे ठेवलेले असतात, आणि आवृत्ती न जुळणाऱ्या पायथनला भलत्याच फोल्डरात पाठवतात.

तरीही स्क्रायबसच्या पोटात लायब्ऱ्या कोंबाव्यात, असं माझं मत नाही. पुढची आवृत्ती आली की ते सगळं पुन्हा करावं लागतं. मी आता कोड बनवण्याचं काम बाहेरच ठेवलंय. स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेग्नो ही लायब्ररी आहे. ती शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली, दुसऱ्या कशावर अवलंबून नसलेली, त्यामुळे पिलोचा प्रश्नच येत नाही. ती वापरणारी छोटी स्क्रिप्ट सीएसव्हीतले लॉट क्रमांक वाचते आणि प्रत्येकाची पीएनजी फाइल त्याच क्रमांकाच्या नावाने ठेवते. स्क्रायबसमधली स्क्रिप्ट तीच सीएसव्ही उघडते, चौकटीत चित्र बसवते, मजकूर भरते. तिला पायथनसोबत मिळणाऱ्या मॉड्यूलांपलीकडे काहीच लागत नाही.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत स्क्रायबसची आणि पायथनची आवृत्ती टिपणीत लिहून ठेवा. चालू असलेल्या आवृत्तीचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर असू द्या आणि वाशीच्या बाजारात पेट्या जात असताना अपडेटला हात लावू नका. त्यासाठी पावसाळा मोकळा असतो.