तुळईवरचा डाग: घाई नको, दुर्लक्षही नको



पावसाळा सरला की आपल्या वसईच्या गावागावांत घरांच्या डागडुजीची कामे निघतात. माळ्याखालचे जुने प्लायवूड उतरते आणि इतकी वर्षे झाकलेली तुळई उजेडात येते. तिच्यावर एखादा काळा, निळसर किंवा पांढुरका डाग दिसतो. तो कशाचा, कधीपासूनचा, कोणालाच ठाऊक नसते. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "घर गेले, आता स्लॅबच टाका." दुसरा म्हणतो, "रंग मारून झाका, कोण बघतंय?"

जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या १४ व्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आला आहे. तेथे डाग भिंतीवरचा आहे. घरमालकाने स्वतः निवाडा करायचा नाही. आपल्याला चट्ट्यासारखे काही दिसते, एवढेच याजकाला सांगायचे. याजकाने आधी घर रिकामे करवून घ्यायचे, मग पाहायचे. डाग हिरवट किंवा तांबूस आणि भिंतीत खोल गेलेला दिसला, तर घर सात दिवस बंद ठेवायचे. सातव्या दिवशी तो पसरलेला असेल, तर तेवढे दगड काढून नवे बसवायचे. तरीही तो परतला, तरच घर पाडायचे.

ही पद्धत आपल्याला आजही उपयोगी आहे. तत्त्वज्ञानात शिकवतात की चिन्ह म्हणजे कारण नव्हे. एकच काळा रंग अनेक कारणांनी येतो. साग, ऐन यांसारख्या लाकडांत टॅनिन असते. ओल लागली की खिळ्याच्या लोखंडाशी त्याचा संयोग होतो आणि खिळ्याभोवती निळा-काळा डाग उमटतो. चुलीच्या धुरानेही वासे काळे होतात. आंबा, पाइन यांसारख्या फिक्या लाकडातील निळसर छटा बहुधा अशा बुरशीची असते, जी लाकडातील साखर व पिष्ट खाते. तिने लाकडाची ताकद फारशी घटत नाही. मात्र लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकत असेल आणि बोटांनी चुरत असेल, तर ती कूज आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी समजावी.

म्हणून आधी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. घट्ट लाकूड त्याला अडवते, कुजलेले आत घेते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक विसरू नये. ओल तेथेच साठते. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावी. वरची कौले, पन्हळ, नळाचा पाइप तपासावा. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. गळती थांबवल्याशिवाय औषध मारणे व्यर्थ आहे. बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नये. नाकातोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी, विशेषतः घरात दम्याचा रुग्ण असेल तर.

डाग वाढला नाही आणि लाकूड घट्ट असले, तर तुळई सुखाने राहू द्यावी. टोक मऊ लागले, तर तिला टेकू द्यावा, खाली कोणाला झोपवू नये आणि जाणत्या सुताराला किंवा इंजिनिअरला बोलवावे. पुष्कळदा कुजलेला भाग कापून जोड देता येतो. अख्खे घर पाडायची वेळ क्वचितच येते.

रंगाने डाग झाकला, तरी त्या तुळईवर भार तेवढाच राहतो. उद्या तिच्याखाली आपली नातवंडे झोपतील, नाहीतर घर विकत घेणारे दुसरे कुटुंब. त्यांना ती तुळई दिसणार नाही. आज ती आपल्याला दिसली आहे. तेव्हा कारण सापडेपर्यंत ते प्लायवूड उघडेच राहू द्यावे.